कूलरची हवा

डेहनकर सरांनी वरच्या लोकांच्या मागे लागून लागून अख्ख्या रसायनशास्त्र विभागातला पहिला कूलर आपल्या प्रयोगशाळेत आणला होता. त्याचा त्यांना कोण अभिमान! बाहेर नागपूरचा मे महिना, खिडकीत कूलरच्या वाळ्याची ओली खस आणि आत सर राजासारखे बसलेले. त्याच गारव्यात त्यांची विद्यार्थिनी प्रेमलता मेश्राम मात्र रोज रडकुंडीला येत होती.

एका कारखान्याचं पातळ रबर साच्यात घट्टच होईना. रबराच्या रेणूंच्या साखळीला दोन्ही टोकांना आकडे असले, तरच साखळ्या एकमेकींत अडकून रबर घट्ट होतं. नमुना शुद्ध आहे असं सर कारखान्याला सांगून बसले होते. प्रेमलताचं म्हणणं, यात एकाच आकड्याच्या आणि बिनआकड्याच्याही साखळ्या घुसल्यात. सिलिकाची पांढरी पूड लावलेल्या काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतो, सिलिका आकडे धरून ठेवते आणि बिनआकड्याच्या साखळ्या पुढे सटकतात. म्हणजे ठिपके तीन दिसायला हवेत. दिसायचा एकच, पार वर!

"आज गिरिधरबाबू येऊन राहिले कारखान्यातून," सर म्हणाले. "तीन ठिपके दाखव, नाही तं उद्यापासून दुसरा विषय घे."

दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, ती स्वतःशीच पुटपुटली. पाण्यात? तिनं खिडकीकडे पाहिलं. ओली हवा सरळ तिच्या पट्ट्यांवर येत होती.

तिनं पट्टी ओव्हनमध्ये कडकडीत भाजली आणि गिरिधरबाबू खुर्चीत टेकतात न टेकतात तोच कूलर बंद केला.

"काहून बंद केला वं?" सर ओरडलेच.

"सर, सिलिका कूलरचं पाणी पिऊन राहिली. पोट भरल्यावर ते आकडे कायले धरन?"

तिघंही घामानं निथळू लागले. तिनं थेंब ठेवून पट्टी उभी केली, पण द्रावक काही केल्या लवकर वर सरकेना. अखेर तो वर पोचला आणि ठिपके दिसावेत म्हणून तिनं पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली. हळूहळू तपकिरी ठिपके उमटले. एक वर, एक मध्ये आणि एक ठसठशीत, खाली.

"मंग शुद्ध आहे म्हणून कोन म्हने?" गिरिधरबाबूंनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले. "चुकलो मी. पोरगी बरोबर आहे."

प्रेमलताचे डोळे भरून आले. तिला सरांची दया आली आणि तिचा हात कूलरच्या बटणाकडे गेला.

"हात नको लावू! बाकीचे नमुने होऊ दे आधी."

"सर, अख्खा उन्हाळा जाईन."

सरांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं.

"जाऊ दे. पुढची पट्टी भाजाले टाक."