केंडाची एकादशी

मी एक जुनी नळी आहे. आठ हात लांब आणि बोटाएवढी जाड. तरुणपणी काचेसारखी आरपार दिसायची, आता चहाच्या रंगाची झाले आहे. अंगावर कपड्यांच्या चिमट्यांचे वळ आहेत आणि एका टोकाला दातांचे ठसे आहेत. वळांची मला लाज वाटते. ठसे मात्र मी मिरवते.

मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला कळू लागलं ते शांताराम गवंड्याच्या खांद्यावर. साल असेल पंचाहत्तर. बोईसरला कामगारांच्या नव्या खोल्या उठत होत्या. शांताराम माझ्या पोटात पाणी भरायचा आणि माझं एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला धरायचा. दोन्हीकडे पाणी ज्या उंचीवर थांबेल, तिथे विटांचा थर. कुणी हुज्जत घातली की तो म्हणायचा, "नळी खोटं बोलत नाय!" नळीच्या अंगावर मांस कुठलं? पण ते ऐकून मूठभर चढायचं खरं.

काम संपलं आणि शांताराम मला एका खोलीमागच्या खिळ्यावर विसरून गेला. त्या खोलीत नगरकडचं बिऱ्हाड आलं. चंद्रभान सूतगिरणीत पाळीवर जायचा. गोजराबाई घर बघायची. त्यांची मुलगी सुगंधा तेव्हा पाळण्यात होती. गोजराबाईने मला पाहिलं, ओढून बघितलं आणि दोन खांबांना बांधून माझ्यावर ओली धुणी टाकली. झाली वाघाची शेळी! आठ वर्षं मी चंद्रभानच्या विजारी वाळवल्या.

मग चंद्रभानच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना ते त्याला एक काचेची पेटी देऊन गेले. सोबत बुडबुडे सोडणारी छोटी मोटार. पेटी रिकामीच होती. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या नवापूरची मैनाबाई मासळीची पाटी घेऊन दारावरून चालली होती. पाटीच्या कडेला डब्यात एक गोल, ठिपक्याठिपक्यांचा मासा पोट फुगवून बसला होता.

"ह्यो केंड हाय," मैनाबाई म्हणाली. "विषारी. आमी खात नाय, फेकून देतो. तुज्या पोरीला दावायला आणला."

गोजराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. मासळीचा वाससुद्धा तिला सोसत नसे. पण फेकून देतात हे ऐकून तिचा जीव कळवळला. ती म्हणाली, "फेकू नका वं. मी सांभाळते."

मैनाबाई पोट धरधरून हसली. मग मात्र तिने नीट शिकवलं. पाणी भरतीचंच आणायचं, कारण ओहोटीला खाडीचा गाळ येतो. लुगड्याच्या घडीतून गाळून घ्यायचं. आणि पावसाळ्याआधी साठा करायचा, कारण पावसात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी होतं, ते नारळी पुनवेपर्यंत उपयोगाचं नाही. चंद्रभानने सायकलवर खेपा घालून बारा कॅन भरले आणि खाटेखाली अंधारात ठेवले.

केंड दिसायला गोजिरवाणा, पण खायला महाराज! दात असे की कालवाचं कवच सुपारीसारखं कातरायचा. एक घास पोटात गेला तर तीन घास पाण्यात सांडायचे. आणि कुणी समोर आलं की काचेशी येऊन असा नाचायचा, की जन्माचा उपाशी वाटावा. गोजराबाई दुष्काळी मुलखातली. "पाहुणा उपाशी ऱ्हायला तर पाप लागतं," असं म्हणून ती तोंड फिरवायची आणि चिमट्याने कोळंबी सोडायची. शाळेतून आल्यावर सुगंधा एक सोडायची. पाळीवरून आला की चंद्रभान दोन सोडायचा. कुणी कुणाला विचारलं नाही. लाडक्या पाहुण्याला तीन यजमान झाले!

पाणी पांढुरकं झालं, वर फेस आला. मग पाणी बदल, पुन्हा कोळंबी, पुन्हा बदल. बोटी किनाऱ्याला लागल्या, पाऊस कोसळू लागला आणि आषाढ लागता लागता खाटेखाली तीनच कॅन उरले. पुनव चाळीस दिवस लांब होती. केंड काळवंडला आणि कोपऱ्यात पडून राहू लागला. त्याचं नाचणं थांबलं.

तेवढ्यात मैनाबाई सुकट विकायला आली. आत पाऊल टाकताच तिने नाकाला पदर लावला.

"बाय, काय करून ठेवलास ह्याचा?"

"वर तर बरं दिसतंय," गोजराबाई पुटपुटली.

"वर काय बघतेस? तळ बघ!" मैनाबाईने इकडे तिकडे पाहिलं आणि मला खांबांवरून खेचून काढलं. विजारी चिखलात पडल्या. एक टोक पेटीच्या तळाशी, दुसरं तिच्या तोंडात, आणि तिने जोरात ओढलं. मित्रांनो, काय सांगू! कुजलेली कोळंबी, कवचांचा चुरा, महिन्याभराचा राडा माझ्या पोटातून सरसरत गेला आणि पहिला घोट थेट मैनाबाईच्या तोंडात.

"थू! थू! गटार!" ती खोकत म्हणाली. मला तिने इतक्या रागाने चावलं होतं की दात उमटले.

तळ स्वच्छ झाला. माझ्यातून बादलीत उतरलेलं पाणी निवळू दिलं आणि वरचं वर गाळून परत पेटीत ओतलं. आटलेलं पाणी कळावं म्हणून सुगंधाने काचेवर आपली टिकली चिकटवली. मीठ काही आटत नाही, म्हणून टिकलीपर्यंतची भर साध्या पाण्याने. साठ्यातलं पाणी रोज एक तांब्या, जास्त नाही.

जाताना मैनाबाईने बजावलं, "पुनवेला येतेय. पानी असंच असला तर ह्याला उचलून दर्यात सोडीन. जित्या जिवाला घाणीत ठेवायचा नाय."

गोजराबाई रडवेली झाली. केंडाचा तिला लळा लागला होता. या परक्या गावात दिवसभर तिच्याशी गप्पा मारणारा तोच एक होता. पण त्याने जरा मान वर केली की तिचा हात कोळंबीकडे जायचा. करणार काय?

मग आली एकादशी. गोजराबाईने ठरवलं, आज घरात उपास, म्हणजे सगळ्यांनाच. केंड काचेशी आला, डोळे गरगर फिरवू लागला. तिने विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पेटीवर टॉवेल टाकला. दिवसभर टॉवेलआडून टकटक ऐकू येत होती आणि ती डोळे पुसत साबुदाणा खात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टॉवेल काढला आणि ती ओरडलीच. पेटीमागच्या कॅलेंडरवरची एकादशी पाण्यातून स्वच्छ वाचता येत होती! आणि केंड ठणठणीत, नाचायला तयार.

त्या दिवसापासून पंचांगात एकादशी महिन्याला दोन, आणि आमच्या केंडाला दिवसाआड. घास घालायचा तो एकट्या गोजराबाईने. अर्ध्या तासाने मी तळाशी जायची आणि सांडलेलं उचलायची. पुन्हा माझ्यावर विजार पडली नाही.

नारळी पुनवेला मैनाबाई नवं लुगडं नेसून, हातात नारळाची वडी घेऊन आली. गोजराबाई दाराशी उभी. मैनाबाईने पेटीकडे नीटसं पाहिलंही नाही. तिने सरळ मला उचललं, तळाशी सोडलं आणि तोंड लावून ओढलं. मैनाबाईने गाल फुगवून घोट तोंडात घोळवला, दारात जाऊन थुंकला आणि मागे वळली.

"दर्या हाय गं ह्यो," ती म्हणाली. "निव्वळ दर्या."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या, रडल्या, आणि केंड पलीकडे वडीसाठी नाचत राहिला. त्याला वडी कुणी दिली नाही. माझ्या टोकाला तेव्हा दातांचा दुसरा ठसा उमटला. पहिला रागाचा, दुसरा समाधानाचा.

केंड सहा वर्षं सुखाने नांदला. आता सुगंधा पालघरच्या शाळेत शिकवते, वर्गात तिने तशीच पेटी ठेवली आहे आणि मी तिच्या शेजारच्या खिळ्यावर आहे. मित्रांनो, एकच मागणं. ज्याच्यावर माया कराल त्याचं ताट भरा, पण सांडलेलंही उचला. पाणी स्वच्छ आहे का, हे वरून बघून ठरवू नका. मला तळाशी सोडा आणि माझ्या पोटात बघा. मी आता पिवळी पडले आहे, पण खोटं अजून बोलत नाही.