फुंकरीची शर्यत

छातीचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी खेळ सोपा दिला होता. टेबलावर कापसाचा बोळा, तोंडात स्ट्रॉ. हळू, लांब फुंकर घालायची आणि बोळा दोन पेल्यांच्या मधून पार न्यायचा. "जोर नाही हं चिमणे. बोळा झोपलाय, त्याला उठवायचं नाही." चिमणी हसली. दम्याने पिंजून काढलेलं पाच वर्षांचं पोर दवाखान्यात हसलं, आईचा जीव भांड्यात पडला.

घरी बापाने तो खेळ पाहिला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. "असा एकटीने कसला खेळ? मॅच लावू!" समोर बसवला आईच्या जावेचा पोरगा, घरचा पैलवान. चिमणीहून वर्षाने मोठा, छाती म्हणजे भाता. झालं! ज्या घरात तिच्या औषधाची वेळ कुणाच्या लक्षात राहत नव्हती, ते अख्खं घर टेबलाभोवती गोळा.

"लाव जोर! बापाचं नाक कापतेस का?"

"अगं, फुंकतेस की जांभई देतेस?" हे सासरे.

पैलवान एका फुंकरीत बोळा भिंतीवर मारायचा. चिमणी गाल फुगवून जोर लावायची, मग खोकल्याची उबळ, छातीत शिट्टी.

"अहो, जिंकायचं नाहीये यात," आई म्हणाली. "श्वास हळू सोडायचाय."

"तूच तिला मुळमुळीत करून ठेवलंस. ईर्ष्येशिवाय पोर तयार होत नाही."

रोज संध्याकाळी हेच. पंपाचा फवारा मारायचा आणि पुन्हा मैदानात. व्यायाम म्हणे!

पुढच्या भेटीला बाप हौसेने बरोबर आला. बाईंनी बोळा मांडला, स्ट्रॉ दिली. चिमणीने ती खाली ठेवली.

"मी हरले."

"अगं, सुरू तरी कुठे केलंस?"

"हरले ना. आता नको."

बाईंनी साबणाचे फुगे काढले, पीस काढलं, भिरभिरं काढलं. पोरगी प्रत्येक वेळी आधी बापाकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटायची.

"घरी व्यायाम कोण घेतं?"

"हीच की," बापाने बायकोकडे बोट दाखवलं. "आम्ही आपले प्रोत्साहन द्यायला."

आईच्या मस्तकात तिडीक गेली. "बाई, हिला असा खेळ द्या, जो यांना बघताच येणार नाही."

बाईंनी भिरभिरं परत ठेवून दिलं. तसला खेळ त्यांच्या कपाटात नव्हता.

"आता यात माझं काय चुकलं?" बाप म्हणाला. चिमणी मिटल्या ओठांनी, नाकातून घरघरत बसली होती.