मावशीला वॉरंट कशाला

“दप्तर उघड बघू,” मालिनी म्हणाली, आणि तेही मराठीत.

आठवीचा वर्ग माना वळवून बघायला लागला. अमेरिकेतल्या प्लेनोच्या या शाळेत इतिहास शिकवायला लागल्यापासून मालिनी, म्हणजे मुलांच्या मिसेस देव, वर्गात मराठीचा एक शब्द बोलल्या नव्हत्या. रुही ही त्यांच्या मैत्रिणीची, रत्नाची मुलगी. शाळेत ‘मिसेस देव’ आणि बाहेर ‘मालिनीमावशी’ हे दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. ते मोडलं मालिनीनंच.

“मावशी, डू आय हॅव टू?” रुहीनं हळूच विचारलं.

“मला उलट प्रश्न विचारू नकोस. काढ सगळं बाहेर.”

झालं होतं असं, की दुसऱ्या दिवशी नागरिकांच्या हक्कांवर चाचणी होती, आणि त्या चाचणीची उत्तरसूची मालिनीला टेबलावर सापडत नव्हती. मधल्या सुट्टीत वर्गात एकटी रुही येऊन गेली होती, विसरलेलं जॅकेट न्यायला. त्यातून रविवारीच रत्ना म्हणाली होती, “हिच्या मार्कांकडे बघ गं जरा. तो अमेरिकन हिस्टरी प्रकार आमच्या डोक्यावरून जातो.” मालिनीनं दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि मोकळी झाली.

आणि मंगळवारी याच वर्गात काय झालं होतं? वॉरंटशिवाय कुणाची झडती घेता येत नाही, असं सांगणारी अमेरिकन राज्यघटनेची चौथी घटनादुरुस्ती शिकवताना मालिनी दरवर्षी एक छोटं नाटक करायची. खेळण्यांच्या दुकानातली निळी पोलिस टोपी डोक्यावर चढवायची, आवाज जाड करायची आणि एखाद्या मुलाच्या दप्तराला हात घालायची. मुलानं घाबरायचं नाही, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून वॉरंट मागायचं. यंदा ते काम रुहीला मिळालं होतं. कमरेवर हात ठेवून ती अशी काही गरजली, “नो! व्हेअर इज युअर वॉरंट?” की पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. टोपी काढत मालिनी म्हणाली होती, की समोर कितीही मोठं माणूस असलं तरी हे वाक्य विसरू नका.

साताऱ्याला माहेरी तिची पत्रं वडील आधी फोडायचे आणि मग तिच्या हातात द्यायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्या वस्तूला कुणी हात लावू नये, असं सरकारलासुद्धा बजावता येतं, हे तिला कळलं ते अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी, पोळ्या लाटता लाटता पाठांतर करताना. म्हणून ती हा धडा जीव ओतून शिकवायची.

पण आज रुहीनं ते वाक्य म्हटलं नाही. मावशीला कसं म्हणणार? तिनं एकेक वस्तू बाकावर मांडली. वह्या, डबा, चुरगळलेली लेगिंग्ज आणि मग पॅड्सचं पाकीट. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. रुहीचे कान लालबुंद झाले. मालिनीनं तेव्हा तरी थांबायचं की नाही? पण तिनं आतला कप्पासुद्धा चाचपला. तिथं काही नव्हतं.

“बरं, ठेव,” ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

शाळा सुटल्यावर ती कॉपियरच्या खोलीत गेली. काचेवरचं झाकण उचललं, तर खाली उत्तरसूची. सकाळी प्रती काढून मूळ कागद तिथंच विसरून आलेली बाई ती स्वतःच होती. धरणीनं पोटात घ्यावं असं मालिनीला झालं.

कागद हरवल्याची तिला एवढी लाज वाटत नव्हती. तिला आठवला गेल्या वर्षीचा तो उंच गोरा मुलगा. त्याच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, असल्याचा संशय आला, तेव्हा तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. ऑफिसला फोन केला, उपमुख्याध्यापक येईपर्यंत वाट पाहिली, आईवडिलांना कळवलं, सगळं कसं रीतसर. त्या मुलाला हक्क होते. रुही मात्र आपली होती, म्हणून तिला काहीच नव्हते. मालिनी ज्याला इतकी वर्षं आपलेपणा म्हणत आली होती, ती आज शुद्ध दांडगाई ठरली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं चाचणीआधी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. चूक माझी होती, कागद मीच विसरले होते, आणि तो नसता सापडला तरी मला असं वागायचा अधिकार नव्हता, असं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. रुहीनं मान वर केली नाही. “इट्स ओके, मिसेस देव,” एवढंच म्हणाली. दप्तर तिनं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्याभोवती दोन्ही हात घातले होते.

अपमान मराठीतून केला, तर माफी नुसत्या इंग्रजीतून कशी पुरेल? संध्याकाळी मालिनी रत्नाकडे गेली. रुहीनं घरी चकार शब्द काढला नव्हता. मालिनीनंच सगळं सांगितलं, पॅड्सचंही. रत्ना हसायलाच लागली.

“अगं, एवढंच ना? माझी आई रोज माझं दप्तर झाडायची! तू काय परकी आहेस? मावशीला कसलं वॉरंट?”

“तेच चुकलं गं, रत्ना.”

“तू पण ना, फार सीरियस होतेस यार. चहा टाकते. ती वर आहे, कालपासून गप्प गप्पच आहे. जा ना, बोल तिच्याशी.”

मालिनी जिना चढली. रुहीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ही मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून मालिनी या खोलीत न विचारता शिरत आली होती. सवयीनं तिचा हात दार ढकलायला पुढे झाला. तो तिनं मागे घेतला आणि टकटक केलं.

“हू इज इट?”

‘मावशी’ हा शब्द ओठांपर्यंत आला, पण तो उच्चारायचा तिला धीर झाला नाही.

“मिसेस देव,” ती म्हणाली. “आत येऊ का?”

“नॉट नाऊ, प्लीज,” आतून रुही म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता.

“बरं.”

खालून रत्नानं हाक दिली, “अगं, ढकल ना दार! कडी नाहीये त्याला!”

मालिनी एक पाऊल मागे सरली आणि जिन्याच्या कठड्याला धरून बाहेरच उभी राहिली.