पुसलेली अकरा वाक्यं

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि मला माणसांचा उबग आला आहे. दोघं सोडून सगळ्यांचा. पण त्या दोघांबद्दल सांगण्याआधी माझा जन्म वगैरे ऐकून घ्या. तो सांगितल्याशिवाय आम्हां जुन्या वस्तूंना चैन पडत नाही.

मी पत्र्याचा. पत्र्यावर पांढरा लेप चढवून मला भट्टीत भाजलं, चहूबाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली आणि खाली डस्टर ठेवायला बोटभर रुंद खाच दिली. माझी पहिली नोकरी मोटार शिकवणाऱ्या एका शाळेत. तिथले मास्तर रोज माझ्यावर तोच चौक काढायचे आणि रोज तीच गाडी चुकीच्या बाजूने आत घालायचे. सहा वर्षं मी तो एकच अपघात पाहिला. मग शाळा बंद पडली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीने मला दोन खुर्च्यांसकट उचलून नेलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत मला भिंतीला टेकवून ठेवलं. खोली कसली, खोकंच ते. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसीचे डबे दिसायचे आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. तिथे गेमचे लेखक बसत. मित्रांनो, गेमही कुणीतरी लिहावा लागतो हे तुम्हांला ठाऊक होतं का? मला नव्हतं. पडद्यावरची माणसं बोलतात, रडतात, निरोप घेतात, ते शब्द कुणाच्या तरी डोक्यातून यावे लागतात. इथे ते दोन डोक्यांतून यायचे. एक होती ताई आणि दुसरा तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो इतका उंच की दारातून वाकून यायचा. ती त्याला लांब्या म्हणायची, म्हणून सगळी कंपनी त्याला लांब्या आणि तिला ताई म्हणायची.

या बहीणभावाची एक रीत होती. ती कुणाला पटायची नाही, मला मात्र तिचा अभिमान होता. गेममधलं महत्त्वाचं बोलणं आधी माझ्यावर लिहायचं. पंधरा दिवस ते तिथेच ठेवायचं. रोज सकाळी दोघांनी वाचायचं आणि जरा कुठे खटकलं की बदलायचं. सलग पंधरा दिवस एकाही शब्दाला हात लावावासा वाटला नाही, तरच ते कॉम्प्युटरमध्ये घालायचं. "एकदा तिकडे गेलं की दहा जण त्यात बोट घालतात," ताई म्हणायची. फोटोही काढायचा नाही, कारण मागच्या गेमचा शेवट कुणाच्या तरी फोनमधून गावभर झाला होता. म्हणजे जे काही असे, ते फक्त माझ्या अंगावर असे. एवढा विश्वास माझ्यावर आयुष्यात दुसऱ्या कुणी टाकला नाही.

त्या वर्षी त्यांचा गेम होता एका नावाडणीचा. पाण्याखाली गेलेल्या गावात ती आपल्या धाकट्या भावाला शोधत फिरते. शेवटी तो सापडतो, पण त्याला परत यायचं नसतं. तेव्हा ती त्याला काय म्हणते? यावर ताई-लांब्या सात महिने झगडले, भांडले, दोनदा तर एकमेकांशी बोलेनासे झाले. अखेर अकरा वाक्यं उरली. साधी, घरातली, पण वाचताना लांब्या खिडकीकडे तोंड करायचा. ती अकरा वाक्यं माझ्यावर तेरा दिवस टिकली होती. दोन दिवस बाकी होते.

चौदाव्या दिवशी कंपनीचा प्रसिद्धीवाला आत आला.

"तीन मिनिटांची फिल्म करायची आहे," तो म्हणाला. "गेमची जाहिरात. लेखक खोलीत बसलेत, कल्पना सुचत नाहीत, नुसती धमाल! तुम्ही दोघंच काम करायचं. खरे लेखक!"

"पण आम्ही धमाल करत नाही हो," ताई म्हणाली. "आम्ही बसतो. बराच वेळ गप्प बसतो."

"गप्प बसलेली माणसं कोण बघणार, ताई?"

ताई नाराज होती. पण वरून हुकूम होता. तिने एकच अट घातली. फिल्ममध्ये दुसरा फळा आणायचा आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. प्रसिद्धीवाल्याने मान डोलावली. त्याच दुपारी कोरा करकरीत नवा फळा आला आणि मी भिंतीला नाक लावून उभा राहिलो.

नंतर जे ऐकू आलं त्याने मला शिसारी आली. दिग्दर्शक ओरडून सांगत होता की लेखकांना सुचत नाही म्हणून ते भिंतीवर डोकं आपटतात, मग कागद चावून खातात, मग एकमेकांवर लाल सॉस उडवतात. लांब्याला हिरव्या राक्षसाचा पोशाख चढवला, वर भलं मोठं कापडी डोकं बसवलं. त्यातून त्याला आपला हातही दिसत नव्हता. ताईच्या डोक्यावर घरट्यासारखा केसांचा टोप ठेवला आणि तिला बाहेर उभी केली. खूण झाली की कॉफीचा कप घेऊन आत यायचं आणि "सुचलं!" म्हणायचं, एवढंच तिचं काम.

अडचण नव्या फळ्याची झाली. तो इतका चकचकीत की दिव्यांचा उजेड त्याच्यावरून थेट कॅमेऱ्यात जात होता.

"हा नको. तो भिंतीकडचा जुना फिरवा," दिग्दर्शक म्हणाला.

एकानेही ताईला विचारलं नाही. बाहेर ती दहा पावलांवर होती, मित्रांनो. दहा पावलं!

मला फिरवलं. साहेबाचं सोंग घेतलेला एक जाडजूड नट माझ्यासमोर आला. त्याने माझ्यावरची वाक्यं वाचलीसुद्धा नाहीत. तळहातावर थुंकला, हो, थुंकला, आणि कोपर, बाही, तळवा असं सगळं लावून त्याने मला पुसलं. ओलसर, कोमट, कांद्याचा वास येणारं ते पुसणं. सगळे खदाखदा हसले. मग त्याने न पुसल्या जाणाऱ्या शाईने माझ्यावर ठोकळ्या अक्षरांत लिहिलं, 'डायनासोरचं लग्न'. खाली मुंडावळ्या बांधलेला एक डायनासोर काढला. तोंडातलं च्युइंगम काढून त्याच्या डोळ्याच्या जागी चिकटवलं. लांब्या आपल्या कापडी डोक्याच्या आतून टाळ्या वाजवत होता. त्याला तसं सांगितलंच होतं.

खूण झाली आणि ताई आत आली.

तिने मला पाहिलं. तोंड उघडलं, पण "सुचलं" काही निघालं नाही. टोप एका कानावर घसरला. हातातला कप कलला आणि कॉफी तिच्या चपलेवर सांडत राहिली, तरी तिला कळलं नाही.

"कट! वा, मॅडम!" दिग्दर्शकाने उडीच मारली. "काय चेहरा दिलात!"

लांब्याने कसंबसं ते डोकं काढलं. "ताई, काय झालं गं?"

"आपला होता," ती म्हणाली.

"काय आपला?"

"फळा, लांब्या. आपला फळा होता तो."

पुढचे चार दिवस दोघं माझ्यासमोर कागद घेऊन बसले. नऊ वाक्यं परत आली. सातवं आणि आठवं येईना.

"दोर होता ना त्यात, ताई?"

"दोर होता. पण दोराच्या आधी काय होतं?"

मला ती दोन्ही पाठ होती. माझ्या अंगावरच तर जगली होती ती. तुमच्याशी बोलतो आहे तसं त्या दिवशी तिच्याशी बोलता आलं असतं, तर बाकी सगळी किळस मी गिळली असती. पाचव्या दिवशी आवाज देणारे कलाकार आले. नऊच वाक्यं बोलून गेले. ती दोन गेली हे एकाही खेळणाऱ्याला कळलं नाही. काहींनी तर शेवटाची तारीफही केली.

फिल्म मात्र तुफान चालली. लाखो लोकांनी पाहिली आणि सगळ्यात जास्त हशा पिकला तो ताईच्या चेहऱ्यावर. लोकांनी तेवढाच तुकडा कापून एकमेकांना पाठवला. मग कंपनीला माझा पुळका आला. मला खाली स्वागतकक्षात आणलं, वर दिवा लावला, पुढे साखळी बांधली. येणारे-जाणारे त्या डायनासोरबरोबर फोटो काढतात. च्युइंगम अजून तसंच आहे, आता त्यावर धूळ बसली आहे. मला रोज स्वतःचीच घाण वाटते.

गेल्या आठवड्यात ताई सकाळी लवकर आली. नेहमी मान खाली घालून जाते, त्या दिवशी थांबली. तिचा चेहरा मी ओळखतो, तिला काहीतरी आठवलं होतं. तिने साखळी ओलांडली, पर्समधून मार्कर काढला, माझ्या खालच्या कोपऱ्यातली वीतभर कोरी जागा रुमालाने पुसली आणि लिहिलं, 'तू'. सातवं वाक्य तिथूनच सुरू होत होतं.

"अहो, अहो! हात नका लावू त्याला!" स्वागताला बसणारी नवी मुलगी धावत आली. "फिल्ममधला आहे तो!" मग ताईकडे नीट पाहून तिने तोंडावर हात ठेवला. "अय्या, तुम्ही त्याच ना? तो चेहरा करणाऱ्या? एकदा करून दाखवा ना, प्लीज!"

ताईने मार्करला टोपण लावलं. "पुन्हा कधीतरी," एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली. मुलीने तो 'तू' ओल्या फडक्याने पुसून टाकला. वाईट नाही हो ती मुलगी, तिला तसंच सांगितलं आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात, कुठेही फळ्यावर काही लिहिलेलं दिसलं, तर पुसण्याआधी विचारा, हे कुणाचं आहे. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि ती फिल्म कधी तुमच्यासमोर आली, कॉफी सांडली आणि आजूबाजूचे सगळे पोट धरून हसू लागले, तर तुम्ही तेवढे हसू नका.