लावणी झाली की

गेणूने आईला रिक्षातून उतरवून चंपाच्या ओट्यावर बसवलं, औषधांची पिशवी तिच्याशेजारी ठेवली आणि चहा न घेताच तो निघायच्या गडबडीला लागला. विठाबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती चार पावलं टाकायलाही लागली, पण तळेगावात गेणूचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि सून कामाला जाणारी.

"तुझं घर आपलं जमिनीवर हाय," गेणू म्हणाला. "उन्हाळाभर ठेव. पुढं बघू."

चंपा बरं म्हणाली. नवऱ्याला, सीतारामला, तिने आधीच विचारलं होतं. "मला काय इचारतीस? तुझी आई हाय ती," एवढंच तो बोलला होता.

आई होतीच. पण चंपा जन्मभर तिला मावशी म्हणत आली होती.

चंपा चार वर्षांची असताना विठाबाईने तिला आपल्या धाकट्या बहिणीला देऊन टाकलं होतं. तेव्हा विठाबाईचं बिऱ्हाड कुरवंड्याला होतं. नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, गेणू दुसरी-तिसरीत शिकणारा आणि कडेवर एक तान्हं पोर. धाकटी बहीण बयाबाई तिकोणा पेठेत दिलेली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. बहिणींचं आपसात काय बोलणं झालं ते चंपाला कधी कळलं नाही. तिला आठवत होता तो लोणावळ्याचा एस.टी. स्टँड. विठाबाईने तिची वेणी परत घट्ट घातली, तोंड पदराने पुसलं आणि म्हणाली, "शाणी ना माझी बाय? रडायचं न्हाई. लावणी झाली की मी न्यायला येते."

चंपा रडली नाही. गाडीत बयाबाईशेजारी खिडकीपाशी बसली. गाडी हलली तेव्हा तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण वळलं असतं तर रडू आलं असतं.

तिकोणा पेठेत तिने लावणीची वाट पाहिली. बयाबाई दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जायची, तेव्हा ही बांधावर इरलं घेऊन बसायची. एक खाचर झालं की विचारायची, "झाली का लावणी?" बयाबाई म्हणायची, "अजून हाय गं." मग सगळीच खाचरं हिरवी झाली. विचारायला काही उरलं नाही. भात गुडघ्याला आलं, लोंब्यांवर आलं, कापणी झाली, झोडणी झाली. विठाबाई आली नाही.

ती आली ती थंडी पडल्यावर. चंपा अंगणात भांडी मांडून खेळत होती. फाटकातून येणारी बाई तिने लांबूनच ओळखली. धावत जावं असं पायांना वाटलं, पण पाय हलले नाहीत. तिने घराकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "आई, मावशी आली."

त्या दिवसापर्यंत तिने बयाबाईला कधी आई म्हटलं नव्हतं.

विठाबाईने ते ऐकलं. ती अंगणातच थोडी थांबली, मग आत गेली. जेवली, दुपारच्या गाडीने परत गेली. जाताना चंपाला एक फ्रॉक देऊन गेली. त्यानंतर तिनेही स्वतःला मावशीच म्हणायला सुरुवात केली. "मावशीकडं कवा येशील?" असं विचारायची. सुट्टीत चंपा कुरवंड्याला गेली की विठाबाई तिला आधी पाणी द्यायची, पाट मांडायची, घरातल्या एकुलत्या एका स्टीलच्या ताटात वाढायची. गेणूला जर्मनची थाळी. गेणूला त्याचा हेवा वाटायचा. चंपाला त्या ताटातला घास गिळवायचा नाही. गेणूला आई रागावायची, धपाटा घालायची. हिला कधी एक शब्द बोलली नाही.

बयाबाईने मात्र तिला मारलंही आणि पोटाशीही धरलं. रोजंदारी करून दहावीपर्यंत शिकवलं. लग्नात पाठवणीच्या वेळी बयाबाईला दोघींनी धरून ठेवावं लागलं. विठाबाई तेव्हा मांडवात पाहुण्यांना पानं वाढत होती. चंपाने ते पाहिलं आणि मनाशी बांधून ठेवलं. बयाबाई करोनाच्या आधीच गेली. तिच्यामागे चंपा कितीतरी दिवस भाकरी थापताना हुंदके देत राहायची.

अशी ती विठाबाई आता कान्ह्यात चंपाच्या पुढच्या खोलीत खाटेवर होती.

चंपाने करण्यात कसूर ठेवली नाही. सकाळी उठून तिला मोरीपर्यंत न्यायची, अंग पुसायची, गोळ्या द्यायची, मऊ भात करून वाढायची. मग अंगणवाडीत. ती तिथे सेविका होती, तिच्या हाताखालून गावातली दोन पिढ्यांची पोरं गेली होती. गावातल्या बायका म्हणायच्या, "चंपाताई, पुण्य लागंल तुमाला. सख्खी लेक करनार न्हाई एवढं करताय." ती हसून सोडून द्यायची. आपण सगळं करतो, पण खाटेवर टेकत नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. काम झालं की ती उठायची. दोघींमध्ये बोलणं व्हायचं ते मीठ कमी झालं का, पाय दुखतोय का, एवढंच.

जूनमध्ये अंगणवाडीत नवी पोरं आली. दारात नुसती रडारड. चंपाला रडणाऱ्या पोरांची काळजी वाटायची नाही, ती दहा मिनिटांत चेंडूमागे लागतात. त्या वर्षी एक मुलगी रडली नाही. आईने हात सोडल्यावर ती भिंतीपाशी जाऊन बसली आणि दप्तर पोटाशी धरून दाराकडे बघत राहिली. चंपा तिच्याजवळ जाऊन बसली. तिला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मदतनीस बाईला पोरांकडे बघायला सांगून ती मागे नळावर गेली, तोंड धुऊन आली.

घरी आली तेव्हा विठाबाई म्हणाली, "तुजं डोळं लाल का झाल्यात?"

"धूळ गेली."

उन्हाळा कधीच सरला होता, गेणूचा फोन येत राहिला, आईला न्यायचं नाव त्याने काढलं नाही आणि चंपानेही विचारलं नाही.

भाद्रपदात एका सुट्टीच्या दुपारी ती विठाबाईचे केस धूत होती. मोरीत प्लास्टिकच्या स्टुलावर म्हातारी बसलेली, मान खाली घातलेली. केस इतके विरळ झाले होते की बोटांना टाळू लागत होती. शिकेकाई चोळता चोळता विठाबाई एकाएकी म्हणाली, "तू रडली न्हाईस."

"कवा?"

"श्टँडवर. गेणू रडला, मी रडले. तू खिडकीत जाऊन बसलीस. मागं वळून बघितलं न्हाईस. माझ्या मनात आलं, पोरगी बयाला धार्जिणी हाय. जाऊ दे."

चंपाचा हात थांबला. "तूच सांगितलं होतंस. रडायचं न्हाई म्हणून."

"मी?" विठाबाईने मान वर करायचा प्रयत्न केला, पाणी डोळ्यांत गेलं. "मला न्हाई आठवत बाय."

"मला आठवतंय. लावणी झाली की न्यायला येते म्हणालीस."

म्हातारीने डोळ्यांतलं पाणी बोटांनी निपटलं. मग म्हणाली, "लावनीत धाकटा गेला. तापानं. तुला ठाव हाय की."

ठाऊक होतं. एक भाऊ तान्हेपणी गेला हे चंपाने ऐकलेलं होतं. पण तो कधी गेला, कोणत्या महिन्यात गेला, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

"त्येच्यानंतर मला उठवंना," विठाबाई सांगत होती. "तुजा बा अंथरुनात, मी भुईवर. गेणू भात शिजवायचा. थंडीत जरा हातपाय हलायला लागलं तशी आले."

"फ्रॉक घेऊन."

"न्यायला आलते तुला. बयाला आदी निरोप धाडला व्हता. तिनं तुजी कापडं बांधून ठेवलीती. मी आत गेले तर गाठोडं चुलीशेजारी, आनि ती भिंतीला टेकून बसल्याली. तोंडातनं शबुद न्हाई तिच्या. मला म्हनली, घेऊन जा आक्का, तुजीच हाय." विठाबाईने ओल्या हाताने तोंड पुसलं. "पन तू अंगनात हाक मारलीस ना. तिला आई म्हनलीस. मी म्हनलं, आता पोरगी रुजली. उपटायची कशाला? माज्या घरात तरी काय व्हतं? गाठोडं मीच सोडलं."

चंपाला पाण्याचा तांब्या खाली ठेवायचं भान राहिलं नाही. तो तिच्या हातातच कलंडला. ती हाक तिने का मारली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या बाईला लागावं म्हणून मारली होती. चार वर्षांच्या पोरीला जेवढं दुखवता येतं तेवढं.

"मला एकदा विचारायचं होतंस," ती म्हणाली. आवाज तिला नको तितका कडक आला.

"चार वर्साच्या पोरीला काय इचारायचं?"

"मंग मोठी झाल्यावर सांगायचं."

"सांगून काय? बया जित्ती व्हती. तुज्या मनात तिच्याबद्दल काय आलं असतं तर?"

 चंपाने तांब्या परत भरून केसांवर पाणी ओतलं, टॉवेलाने डोकं पुसलं, म्हातारीला खाटेवर नेऊन बसवलं आणि परसात जाऊन वाळलेले कपडे उगाच परत परत झटकत राहिली.

पुढचे काही दिवस ती कुणाशीच धड बोलली नाही. सीतारामने विचारलं तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत ऐकत होता. "खरं असंल?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही. म्हातारी माणसं स्वतःची समजूत घालायला कायबी जुळवतात. आई असती तर तिला विचारलं असतं." आई म्हणजे बयाबाई. 

ज्या बाईवर इतकी वर्षं राग धरला, तिने आपल्याला फसवलं नव्हतं, असं आता दिसत होतं. बयाबाईनेही काही हिसकावलं नव्हतं. दोष द्यायला कुणी उरलं नाही की रागाला जागा राहत नाही, पण तो जातही नाही. तो मग घरभर फिरत राहतो. चंपा कधी म्हातारीवर चिडायची, कधी स्वतःवर, कधी त्या मेलेल्या तान्ह्या भावावर. आणि कधी दुपारी कामं उरकल्यावर ती काही न बोलता खाटेच्या कडेला टेकायची. विठाबाई तिच्यासाठी पाय आखडून जागा करायची.

दसऱ्यानंतर म्हातारीचं खाणं तुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घरीच बरी. एका सकाळी चंपा तिला चमच्याने पेज पाजत होती. तोंड पुसताना तिने मनाचा हिय्या केला आणि हळूच म्हणाली, "आई, अजून एक घोट."

विठाबाईने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, कुणी आलंय का असं.

"मावशीच म्हन बाय," ती म्हणाली. "सवय झाली. दुसरं काय म्हनलीस की वाटतं, बयालाच हाक मारतीस."

चंपाला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. तिने ते लपवलं नाही. म्हातारीने पांघरुणातून हात काढला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. "तिनं लय केलं तुजं," ती म्हणाली. "मी काय न्हाई केलं. ते मला ठाव हाय." चंपा म्हणाली, "पेज निवतीय." दोघी त्याच्यापुढे गेल्या नाहीत.

मार्गशीर्षात एका सकाळी चंपा चहा घेऊन गेली तेव्हा विठाबाई गेलेली होती. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. चंपाने कप खिडकीत ठेवला, तिची वेणी घातली, मग सीतारामला हाक मारली.

पुण्यानुमोदनाला विहारातून भंतेजी आले. दारात मांडव घातला. कुरवंड्याहून, तळेगावाहून, पेठेतूनही माणसं आली. त्रिसरण, पंचशील झालं. मग एकेकाने उठून विठाबाईबद्दल दोन शब्द बोलायचं. गेणू बोलला, आईने कष्ट करून वाढवलं म्हणाला, आणि रडला. चंपाचं नाव पुकारलं गेलं. अंगणवाडीच्या मीटिंगांमध्ये तासभर बोलणारी बाई, पण तिला शब्द सापडेनात. "मावशीला सुकटाची चटणी आवडायची," ती म्हणाली. "शेवटी शेवटी चावत नव्हतं, तरी मागायची. मी एकदा दिली न्हाई. द्यायला पाहिजे होती." आणि ती खाली बसली. लोकांना ते फार थोडं वाटलं. पेठेतली एक म्हातारी मात्र तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळच्या लोकलने गेणू आणि त्याची बायको निघाली. चंपा त्यांना सोडायला कान्हे स्टेशनपर्यंत गेली. बायको बाकावर बसली. बहीणभाऊ प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. सकाळपासून एक प्रश्न चंपाच्या ओठांवर होता. गेणू तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, त्याला आठवत असणार. त्या थंडीत आई पेठेला गेली ती खरंच मला आणायला गेली होती का? घरी परत आल्यावर तुला काय म्हणाली? आता ते सांगू शकणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

"दादा," ती म्हणाली.

"काय गं?"

गेणूचे डोळे सुजलेले होते. दाढी पांढरी झाली होती. तो "हो" म्हणाला असता तर बरंच झालं असतं. "न्हाई" म्हणाला असता, किंवा नुसतं "मला आठवत न्हाई" म्हणाला असता, तर? स्टुलावर मान खाली घालून बसलेली, पाणी डोळ्यांत गेलेली विठाबाई तिला दिसली. तिने सांगितलं होतं. चंपाने ऐकलं होतं.

"गुडघ्याला तेल लावत जा," ती म्हणाली. "जिना चढताना त्रास होतो तुला."

"व्हय," गेणू म्हणाला.

गाडी आली. ती दोघं चढली. चंपा घरी आली तेव्हा सीतारामने मांडवातल्या सतरंज्या गोळा केल्या होत्या आणि पुढच्या खोलीतली खाट उभी करायला तो वाकला होता.

"राहू दे अजून," चंपा म्हणाली. मग पदर खोचून ती भांड्यांच्या ढिगाकडे वळली.