एसीवाली खोली

खिळ्याला दोरीनं बांधलेला रिमोट.

बेडक्यासाठी दिलेली झाकणाची डबी.

शिवणयंत्राच्या खणात लाल फितीचा उरलेला तुकडा.

"आम्ही काय गुरं आहोत, उघड्यावर बसायला?"

हे वाक्य पुढारीणबाईंचं. मूळच्या शिंपीण; पण धाकट्या बहिणीला एचआयव्ही निघाला आणि बाईंनी कात्री ठेवून माइक धरला. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या एका टोकाला, टीबीच्या दुसऱ्या, त्याही वेगळ्या वारी. दोन्ही आजार असलेल्याचे कामाचे दोन खाडे. बसायचं सगळ्यांनी व्हरांड्यात. बाईंनी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या दारात ठाण मांडलं. मागणी एकच: दोन्हीकडच्या पेशंटना मिळून एक खोली, आणि तीही साहेबांसारखी, एसीवाली.

मिळाली की! साहेबांनी फीत कापली, ती बाईंनीच शिवलेली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना खिळे ठोकले. नंबर होऊन गेला तरी लोक उठेनात.

"ताई, तुझ्या राज्यात थंडी वाजते गं," धाकटी म्हणायची. गोळ्या चालू होत्या, तब्येत ठणठणीत होती. शेजारी कुणीतरी खोकत असायचं.

"शाल घे आणि राणीसारखी बस."

पुढे धाकटीच खोकायला लागली. "एसीची सर्दी," बाईंनी उडवून लावलं. अंगावरचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तेव्हा कुठे ती डबी हातात आली. टीबी निघाला.

"घरात कुणाला आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग खोकणाऱ्यांसोबत बंद जागेत कुठे बसता? एचआयव्ही असलेल्यांना तर टीबी चटकन लागतो."

धाकटीनं ताईकडे बघितलं. तिला आधी हसू फुटलं, मग खोकला.

दुसऱ्या दिवशी बाई पक्कड घेऊन खिडकीवर चढल्या. एक खिळा निघाला.

"अहो पुढारीणबाई, गारवा जातोय!"

"जाऊ दे! वारा येऊ द्या, नाहीतर मराल सगळे."

"हिच्या बहिणीला झालं, आता आमचं सुख हिला बघवेना," एकजण ओरडला. "पुन्हा उघड्यावर बसू? आम्ही काय गुरं आहोत?"

खोलीनं टाळ्या वाजवल्या. शिपायानं पक्कड काढून घेतली.

पुढच्या गोळ्यांच्या दिवशी धाकटी दारातच थांबली. "आत बसा, नंबर आतच पुकारतात," शिपाई म्हणाला. ती तोंडाला पदर लावून आत गेली. एचआयव्हीच्या गोळ्यांना पहिल्यांदाच आलेल्या एका बाईनं सरकून तिला जागा दिली.

जुन्या व्हरांड्यात दिवसभर वारा असायचा.