खट्ट मिटणारा चाप

मित्रांनो, माणसाच्या मनाचं अचूक माप घेणारं साधन साऱ्या जगात एकच आहे, आणि ते तुमच्यासमोर पडलेलं आहे. नीट पाहिलंत तर मी एक जुना पॅड आहे, म्हणजे तपकिरी पुठ्ठा आणि वर कागद धरणारा लोखंडी चाप. माप खरं तर कागद घेतो, मी फक्त त्याला उडू देत नाही. पण गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्यालाही वाटतंच की गाडी आपण ओढतोय.

कारखान्यात मला चाप बसवणारा कारागीर म्हणाला होता, "याचा चावा जबर आहे, बोटं सांभाळा." तेवढीच काय ती माझी स्तुती. ती मी जन्मभर पुरवून खाल्ली.

पुढे मी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत आलो. आग, पूर, अपघात यांतून वाचलेली मुलं त्यांच्याकडे येत. संकट सरतं, पण त्याची भीती मनात ठाण मांडते आणि झोप, शाळा, खेळ, मैत्री, सगळ्यांत पाय घालते. तो त्रास किती, ते प्रश्न विचारून मोजायचं. मुलं खुणा करत, बाई बेरीज करत आणि कागद काढून घेत. मग मी खट्टकन मिटत असे. माझ्या मते ते शिक्कामोर्तब होतं.

एकदा खारू आली. घरभर तुरुतुरु पळायची म्हणून हे नाव. पण शाळेची बस उलटली तेव्हा ती आत होती आणि आता ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. शेजारी आई. बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं.

झोप लागते का? शाळेत जातेस का? मैत्रिणींशी बोलतेस का? प्रत्येक खूण 'काहीच त्रास नाही' या रकान्यात. लिहिताना तिचं नख माझ्या कडेत इतकं रुतलं, की खाच पडली. पण खाचेसाठी कागदावर रकाना नव्हता.

"शहाणी आहे हो," आई म्हणाली. "आम्हाला कसलाच ताप नाही हिचा."

बेरीज शून्य आली. बाईंनी समाधानाने कागद ओढला आणि मी नेहमीच्या ऐटीत मिटलो. खट्ट.

खुर्ची रिकामी. खारू टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर. बस कलंडण्याआधी असंच काहीतरी खट्टकन तुटलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांचे गुडघे दुखरे, तरी त्या कण्हत टेबलाखाली शिरल्या. सवयीने मलाही बगलेत घेऊन.

"माझं चुकलं गं, बाळा. बेरजेची घाई केली. झोप कशी लागते?"

"दिवा चालू असला की लागते."

"आणि शाळेत कशी जातेस?"

"चालत."

"व्यायाम होतो म्हणते," आई वरून म्हणाली.

"कोणत्या मैत्रिणीशी बोलत नाहीस?"

खारूने कानांवरचे हात काढले. "तिच्याशी. त्या दिवशी खिडकीत बसायची पाळी माझी होती. मला ऊन लागत होतं म्हणून तिला बसवलं. तिचा पाय मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही. घरी सांगितलं असतं तर आई पुन्हा रडली असती."

आता आईही खाली आली. "अगं, मला वाटलं तू विसरलीस. म्हणून मी विषयच काढत नव्हते."

शिपाई चहा घेऊन आला, रिकामी खोली पाहून परत गेला.

पुढच्या खेपेला आई बाहेर थांबली. खारूने खऱ्या खुणा केल्या. बेरीज भली मोठी आली, आणि त्रासाचा आकडा वाढला म्हणून हसणाऱ्या बाई मी पहिल्यांदाच पाहिल्या. बाहेरच्या बाकावर कुबडी घेऊन एक मुलगी बसली होती. तिने खारूसाठी खिडकीकडची जागा धरून ठेवली होती.

त्यानंतर बाईंनी माझी रवानगी कपाटावर केली. तक्रार नाही. अपराध्याला याहून हलकी शिक्षा काय असणार? कड चाचपली की ती खाच अजून लागते. मित्रांनो, कुणाचं दुःख मोजायला बसाल तेव्हा आधी त्याच्या शेजारी बसा, आकडा मागून मांडा, आणि चाप हळू मिटा.

आणि जमल्यास एक करा. टेबलाखाली कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम त्या दिवशी माझ्या पाठीला लागलं. ते तेवढं खरवडून काढा.